प्रस्थानापूर्वीची सिद्धता : अटन आणि स्थानवंदन यांच्या पूर्वतयारीचा आचारदृष्ट्या विचार

आचारप्रकरणाचे निरूपण करताना अटनाचा विचार बहुधा पाऊल उचलल्यापासून सुरू होतो. भिक्षूने कसे चालावे, कोठे वसती करावी, कोणत्या स्थळी गुंतू नये, याविषयी पूर्वसूरींनी विस्ताराने सांगितले आहे. परंतु ‘जावे’ असा संकल्प मनात उठतो त्या क्षणापासून उंबरठा ओलांडीपर्यंत जो काळ जातो, त्याचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः यात्रेचे फळ पुष्कळसे याच काळात ठरून जाते. शेतकरी पेरणीच्या दिवशी नांगर शोधीत नाही. मृग लागण्यापूर्वीच त्याची नांगरट व कुळवणी झालेली असते. मग पाऊस पडला की तिफण धरावयाची एवढेच उरते. स्थानवंदनास निघणाऱ्याची गोष्टही याहून वेगळी नाही.

पायी किंवा बैलगाडीने यात्रा होत असे, तेव्हा वाटच सिद्धता करवून घेई. ऋद्धिपुरास पोचण्यास पंधरा दिवस लागत असले, तर त्या पंधरा दिवसांच्या शिणाने मन आपोआप नम्र होई. आज वाहने सुलभ झाली आहेत. फलटणपासून ऋद्धिपुरापर्यंतचे ५०० किलोमीटरांहून अधिक अंतर एका रात्रीत तुटते. यात दोष नाही. वृद्धांना व अपंगांना जी स्थाने पूर्वी केवळ ऐकून माहीत होती, ती आता डोळ्यांनी पाहता येतात. मात्र वाटेने जे शिकविले असते ते आता घरीच शिकून निघावे लागते, हे ध्यानात घेतले जात नाही. म्हणून पैठण, पांचाळेश्वर, डोमेग्राम अशी स्थाने एका दिवसात ‘उरकली’ असे शब्द कानी पडतात. उरकावयाची असतात ती घरची कामे. स्थान वंदावयाचे असते.

शंका आणि प्रतिशंका

या विषयात दोन प्रकारच्या शंका घेतल्या जातात. पहिली अशी : परमेश्वरावाचून जीवाला दुसरा आधार नाही, हा सिद्धांत होय. ज्याने अनुसरण घेतले त्याने तर उद्याची सोय आज करू नये, संग्रह करू नये, असा विधी आहे. मग प्रवासाची आगाऊ योजना करणे म्हणजे परमेश्वरावरील भरवसा उणा असल्याचेच लक्षण नव्हे काय?

दुसरी शंका हिच्या उलट आहे. ती बोलून दाखविली जात नाही, आचरणातून दिसते. यात्रेला निघावयाचे, पण शेताचे देणे फिटल्यावर; मुलीचे लग्न झाल्यावर; नोकरीतून निवृत्त झाल्यावर; घर बांधून झाल्यावर. सर्व सिद्धता झाल्यावाचून निघणे हा अविचार, असे हा पक्ष मानतो.

पहिला पक्ष सिद्धतेलाच अविश्वास समजतो, तर दुसरा सिद्धतेलाच यात्रा समजून घरी बसतो. दोघांचेही समाधान श्रीचक्रधर स्वामींच्या एकांक चरित्रातील एका लीळेत सापडते.

हरिपालदेवांचे प्रस्थान

गुजरातेतील भडोच येथील प्रधान विशाळदेव यांचे पुत्र हरिपालदेव या रूपाने सर्वज्ञ वर्तत असताना त्यांनी रामटेकच्या यात्रेस जाण्याची इच्छा पित्याजवळ प्रकट केली. द्यूतातील देणे आणि त्यावेळी पत्नी कमळाइसेने अलंकार देण्यास दिलेला नकार, हे निमित्त होऊन त्यांनी संसाराविषयी विरक्ती दाखविली होती. पित्याचे मन प्रथम राजी नव्हते. पुढे अनुज्ञा मिळाली, आणि प्रधानपुत्रास साजेल असा परिवार बरोबर देण्यात आला.

येथून पुढचा भाग बारकाईने पाहिला पाहिजे. हरिपालदेवांनी परिवार नाकारला नाही. पित्याची अनुज्ञा आणि तिच्यासोबत आलेली व्यवस्था त्यांनी स्वीकारली. परंतु मार्ग जसजसा पुढे सरला, तसतसे बरोबरचे लोक त्यांनी निमित्तानिमित्ताने माघारी पाठविले. अखेरीस ते एकाकी झाले, आणि ऋद्धिपुरी येऊन श्रीगोविंदप्रभूंच्या भेटीत त्यांनी शक्तीचा स्वीकार केला. त्यानंतर साळबर्डीच्या डोंगरात त्यांचे दीर्घ अवस्थान झाले.

परमेश्वर अवतारास सिद्धतेची आवश्यकता कसली? ती लीळा जीवांच्या बोधासाठी आहे. तिच्यातून तीन गोष्टी हाती येतात. एक, निघण्यापूर्वी ज्यांची अनुज्ञा घ्यावयाची त्यांची घेतली गेली; चोरून, तोडून, रागावून प्रस्थान झाले नाही. दुसरी, बरोबर जे होते ते वाटेने घटत गेले, वाढत गेले नाही. तिसरी, निघताना सांगितले रामटेक, भेट झाली ऋद्धिपुरी. ठरविलेल्या मुक्कामाहून थोर असे काही वाटेत समोर आले, तेव्हा ठरविलेला मुक्काम आड आला नाही.

सिद्धतेची कसोटी येथे मिळते. ज्या तयारीने निघणारा हलका होतो, ती योग्य. ज्या तयारीने तो जड होतो, ती कितीही व्यवस्थित असली तरी भारच होय. याच कसोटीने पुढील विचार करावयाचा आहे.

अधिकारभेद

तरीही भिक्षू आणि वासनिक यांची सिद्धता एक नव्हे. भिक्षूने अपरिचित प्रदेशी, निराश्रय होऊन, भिक्षेवर निर्वाह करीत काळ कंठावा, हा त्याचा आचार. अटन, विजन, भिक्षा, भोजन, निद्रा हा त्याचा दिनक्रम. त्याने मुक्कामोमुक्कामी निरोप धाडून खोली राखून ठेवली, तर अटनाचा अर्थच मावळला. वासनिकाची गोष्ट निराळी. तो प्रपंचात आहे. त्याच्यामागे स्त्री, मुले, म्हातारे आईबाप, गुरेढोरे आहेत. त्याने भिक्षूचे अनुकरण करून रिकाम्या हाताने निघावे, आणि मठातील साधूंच्या भिक्षान्नावर चार दिवस काढावेत, तर ते वैराग्य ठरत नाही. ते परक्याच्या पात्रात हात घालणे ठरते. भिक्षूने योजना केली तर आचार मोडतो, वासनिकाने न केली तर दुसऱ्यावर भार पडतो. म्हणून पहिल्या शंकेचे समाधान असे की, ती शंका भिक्षूच्या तोंडी शोभते, वासनिकाच्या तोंडी आळसाचे पांघरूण होते.

वासनिकाची सिद्धता

प्रथम हेतू निश्चित करावा. असन्निधानात साधकासाठी स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही चतुर्विध साधने सांगितली आहेत. स्थान हे त्यांतील एक. परमेश्वर अवतारांच्या संबंधाने ती भूमी पावन झाली, या श्रद्धेने तेथे जावयाचे असते. नवस फेडणे, हवापालट, नातलगांची भेट किंवा वाटेतल्या बाजाराची खरेदी हे हेतू त्यात मिसळले, तर यात्रा कोणाची हे सांगणे कठीण होते. निघण्यापूर्वी निदान महिनाभर आधी घरातील सर्वांनी बसून हा हेतू एकमेकांस स्पष्ट सांगावा. मुलांनाही सांगावा, त्यांना न सांगता नेले म्हणजे ती फक्त गाडीच्या खिडकीची यात्रा करतात.

दुसरे अंग लीळांची उजळणी. म्हाइंभटांनी ज्यांनी लीळा पाहिल्या त्यांना गाठून, नागदेवाचार्यांना विचारून, पडताळून लीळाचरित्र सिद्ध केले. स्थानपोथीने गावोगावची स्थाने, त्यांच्या दिशा, देवळे व खुणा नोंदविल्या. एवढा वारसा हाती असताना यात्रेकरू ओट्यापुढे उभा राहून ‘हे काय स्थान?’ असे शेजाऱ्यास विचारतो, ही खेदाची गोष्ट होय. आसनस्थान, वसतिस्थान, आरोगणास्थान, विहरणस्थान या शब्दांत केवढा भेद आहे! ज्याला ठाऊक आहे की येथे सर्वज्ञ बसले, येथे आरोगणा झाली, येथे अमक्या भक्ताचे दुःख निवारिले, त्याचे मस्तक स्थानी टेकते तेव्हा नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण एकवटते. ज्याला ठाऊक नाही, त्याचे मस्तक दगडाला टेकते. म्हणून ज्या गावी जावयाचे, त्या गावच्या लीळा निघण्यापूर्वी रोज एक याप्रमाणे घरी वाचाव्या. पंचवीस स्थाने न वाचता वंदण्यापेक्षा पाच वाचून वंदावीत. वृद्धांना वाचता येत नसेल तर त्यांना वाचून दाखवावे. जुन्या स्त्रिया लीळा मुखोद्गत म्हणत, ती परंपरा या निमित्ताने घरात पुन्हा रुजेल.

तिसरे अंग द्रव्य आणि शिधा. यात्रेचा खर्च कर्ज काढून करू नये. सावकाराची आठवण स्थानापुढे आली, तर स्मरण कोणाचे झाले? उपहाराचे व विड्याचे साहित्य घरून शुद्ध करून न्यावे. ज्या मठात उतरावयाचे तेथे किती माणसे, कोणत्या दिवशी, किती जेवणे, हे आधी कळवावे, आणि शिधा अथवा त्याचे मोल आधी पोचवावे. पंजाबातील जयकृष्णी बांधव दीड-दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून महाराष्ट्रातील स्थानांना येतात. इतक्या लांबून येणाऱ्याला शिधा वाहून आणणे कठीण; तो भार जवळच्या वासनिकांनी उचलावा, हे त्यांचेही स्थानवंदनच होय. दुपारी दोनला अकस्मात चाळीस माणसांची बस मठाच्या दारी थांबते, तेव्हा चूल कोणाची पेटते? बहुधा एखाद्या वयोवृद्ध तपस्विनीची. तिचे विजन मोडते, भिक्षेची वेळ टळते. त्या बसमधील प्रत्येकाने स्थानी दंडवत घातले असले, तरी चतुर्विध साधनांतील एकास नमस्कार करून दुसऱ्यास पीडा दिली, असे होते.

चौथे अंग काळाचे व वाटेचे ज्ञान. आत्मतीर्थ पांचाळेश्वर हे गोदावरीच्या पात्रातील स्थान. पैठण येथील जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. पावसाळ्यात तेथून पाणी सोडले की पांचाळेश्वरचे मंदिर पुराच्या पाण्याने वेढले जाते, कधी पाण्याखालीही जाते. भाद्रपदात तिकडे निघणाऱ्याने नदीची वार्ता आधी घ्यावी. ‘स्थानाचे सामर्थ्य आहे, काही होणार नाही’ म्हणून लेकरांसह पाण्यात उतरू नये. ते धाडस श्रद्धेचे लक्षण नव्हे. साळबर्डीची वाट डोंगराची आहे. गुडघे दुखणाऱ्यास तेथे दुपारच्या उन्हात नेणे म्हणजे त्याचे स्मरण वेदनेत बुडविणे. वृद्ध बरोबर असतील तर स्थाने कमी ठेवावीत व मुक्काम वाढवावेत. त्यांची औषधे, काठी, पांघरूण यांची यादी करणे हे प्रापंचिक काम वाटते. पण त्या यादीमुळेच स्थानापुढे त्यांचे चित्त मोकळे राहते.

मागे राहणाऱ्यांचा प्रश्न

या सर्वांत कठीण अंग पाचवे आहे, म्हणून त्याचा स्वतंत्र विचार केला पाहिजे. समजा, एका कुटुंबाने वर्षभर पैसे साठवून ऋद्धिपूरची यात्रा ठरविली. गाडी ठरली, भाडे आगाऊ दिले, शेजारची दोन घरेही सामील झाली. निघण्यास दोन दिवस उरले असता घरातील म्हातारी पाय घसरून पडली. ती उपदेशी आहे. पन्नास वर्षे स्मरण करीत आली आहे. ती म्हणते, ‘माझ्यासाठी अडू नका, तुम्ही जा.’ घरचेही म्हणतात, भाडे परत मिळणार नाही, शेजारणीला बसवू, चार दिवसांचाच प्रश्न आहे. आता काय करावे?

येथे लोक पैशाचा व लोकलज्जेचा विचार करतात. शास्त्राचा विचार केला तर निर्णय कठीण नाही. चतुर्विध साधनांत जसे स्थान आहे, तसेच वासनिकही आहे. जी स्त्री परमेश्वराचे नाम घेत खाटेवर पडली आहे, ती त्या घरातले साधन होय. तिला वेदनेत टाकून स्थान वंदावयास जाणे म्हणजे जवळचे साधन सांडून दूरचे शोधणे. तिचे ‘तुम्ही जा’ हे शब्द तिच्या थोरपणाचे आहेत. त्यांचा आधार घेणे हा इतरांचा थोरपणा ठरत नाही. एकाने मागे राहावे, किंवा सर्वांनीच थांबावे. आणि जो मागे राहील त्याने रोज संध्याकाळी तिच्या उशाशी बसून, गाडी त्या दिवशी जेथे पोचली असेल त्या गावची लीळा वाचावी. त्याची यात्रा उणी पडत नाही.

ज्या योजनेत थांबण्याची मुभा नाही, ती योजना यात्रेकरूची धनीण झाली असे समजावे. हरिपालदेवांच्या लीळेत ठरलेला मुक्काम आड आला नाही, याचा अर्थ इतकाच की संकल्प दृढ असावा, पण वेळापत्रक दृढ नसावे. म्हणूनच यात्रा ठरवितानाच दोन-चार दिवस मोकळे ठेवावेत, आणि भाड्याचे काही द्रव्य बुडाले तरी चालेल अशी मनाची तयारी करावी. ती तयारी पिशवीत भरता येत नाही. म्हणून ती आधी करावयाची.

हिंसा, विकार, विकल्प

प्रवासात साधकाला तीन बाजूंनी धोका असतो. घाईत गाळल्यावाचून पाणी घेतले जाते, चूल न पाहता पेटविली जाते, उष्टे कोठेही सांडून मुंग्याकीटकांचा नाश होतो, ही हिंसा. परक्या गावी, ओळख नसल्याच्या मोकळीकीत, इंद्रिये सैल सुटतात; हा विकार. आणि उतरण्याची जागा लहान होती, मठातील साधू नीट बोलले नाहीत, पंक्तीत मागे बसविले, अशा कुरकुरीतून स्थानाविषयी व भिक्षूंविषयी मन विटते; हा विकल्प. तिघांत विकल्प सर्वांत घातक. पाणी गाळण्याचे फडके बांधून घेता येते, पण विकल्पावर उपाय एकच : गैरसोय होणारच, असे घरूनच ठरवून निघणे. ज्याने सोय अपेक्षिली नाही, त्याला गैरसोय दिसत नाही.

भिक्षूची सिद्धता

भिक्षूने काय सिद्ध करावे? त्याच्याजवळ झोळी आणि अंगावरचे वस्त्र. बांधावयाचे असे काही नाही, सोडवावयाचे मात्र पुष्कळ असते. ज्या गावी तो काही काळ राहिला तेथे मान देणारे चार जन झालेले असतात, भिक्षेची घरे ठरून गेलेली असतात, झाडाखालची जागासुद्धा ‘आपली’ झालेली असते. प्रस्थानाच्या आधी या गाठी एकेक करून सुटल्या पाहिजेत. निरोपाचा समारंभ करू नये, परतण्याचा वायदा करू नये. पुढे कोणत्या गावी आदर होईल याचा अंदाज घेऊन दिशा निवडू नये. गुरूंची अनुज्ञा मात्र अवश्य घ्यावी. स्वामींचे उत्तरापंथी गमन झाल्यावर भटोबासादी भक्तजन स्वामींच्या आज्ञेप्रमाणे ऋद्धिपुरी श्रीप्रभूंच्या सेवेस गेले. वियोगाच्या दुःखाने त्यांची मने भंगलेली होती. त्या अवस्थेत त्यांना वाट दाखविली ती आज्ञेने. भिक्षूची शिदोरी तीच.

आणि जो भिक्षू वृद्ध किंवा रोगी आहे त्याने ‘अटन’ या शब्दाचा अभिमान धरू नये. एकट्याने चालता चालता तो वाटेत कोसळला, तर त्याची शुश्रूषा कोणा अनोळखी गृहस्थास करावी लागते. त्याने मार्गातील दुसऱ्या भिक्षूची सोबत मागावी. मागण्यात जो संकोच वाटतो, तोही सोडविण्याच्या गाठींपैकीच एक आहे.

चालढकलीचे उत्तर

आता दुसऱ्या शंकेकडे वळावयाचे. सर्व देणी फिटल्यावर निघेन, असे म्हणणाऱ्याची देणी कधी फिटत नाहीत. एका मुलीचे लग्न झाले की दुसरीचे येते, घर बांधून झाले की कुंपण राहते, आणि कुंपण होईतो पायांतले बळ गेलेले असते. त्याने सिद्धतेचा अर्थच उलटा धरला. कामे संपणे ही सिद्धता नव्हे. कामे अपुरी असताना ती दुसऱ्याच्या हाती सोपवून, त्यांची चिंता घरी ठेवून निघता येणे, ही सिद्धता होय. थोरल्या मुलाला दावणीची गुरे आठ दिवस सांभाळू द्यावीत. एखादे दिवशी धार काढण्यास उशीर होईल, होऊ द्यावा. जो आठ दिवसांसाठी घर सोडण्यास शिकला नाही, तो त्या एका दिवशी काय करणार, ज्या दिवशी परतण्याची सोय नसते?

कारण प्रत्येक प्रस्थान त्या अखेरच्या प्रस्थानाची तालीम आहे. त्या वेळी गाडी ठरविता येत नाही, तिथी कळत नाही, परिवार सीमेपर्यंतही येत नाही. बरोबर जाते ते केलेले स्मरण आणि घडलेला आचार. तेव्हा स्थानवंदनास निघताना घराच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती देण्याचा जो क्षण येतो, तो घाईत घालवू नये. त्या क्षणी थोडे थांबावे, मागे राहणाऱ्यांस दंडवत करावा, कोणाशी बोलाचाली झाली असेल तर क्षमा मागावी, आणि परमेश्वराचे नाम घेऊन उंबरठा ओलांडावा. एवढे साधले, तर पेटीत एखादी वस्तू ठेवावयाची राहून गेली तरी चिंता नाही.